सायकलवरनं डासअळी तपासणीचं सामान कसं न्यावं? पाठीवर, खांद्यावर की कॅरियरवर?

गल्ली_नंबर_बारा | १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. ट्रेकच्या सॅकवर इथं ढीगभर धागे आहेत, पण आमच्या कामाचं कुठं काही सापडलं नाही. म्हणून नवा धागा काढतोय.

मी ठेक्यावर डासअळी तपासणीचं काम बघतो. ठेका कुणाचा ते विचारू नका. हाताखाली सहाजण, चार पोरं आणि दोन ताई. कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या काही गल्ल्या, मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेचा थोडा भाग आमच्याकडं. घरोघरी जायचं, बॅरल, हौद, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्या, टेरेसवरचे टायर बघायचे. अळी दिसली की पाणी ओतायला लावायचं, ओतता येत नसेल तर औषध घालायचं, दाराशेजारी खडूनं तारीख टाकायची आणि पुढचं घर. मधनं मधनं गटारीला पंपानं फवारणी. पेठेतल्या बोळात चारचाकी शिरत नाही आणि पेट्रोलचे पैसे कोण देत नाही, म्हणून सायकली. त्यापण ज्याच्या त्याच्या.

आत्ता चाललंय असं, की सोळा लिटरचा पंप भरून पाठीवर, एका खांद्याला शबनम, हँडलला पिशवी. मागच्या आठवड्यात मिरजकर तिकटीजवळ वळताना एक पोरगं आडवं झालं. पंप अर्धा रिकामा होता, आतलं पाणी डचमळलं आणि त्यानं सायकलसकट ओढलं. खरचटण्यावर निभावलं, पण झाकण ढिलं असल्यानं औषधाचं पाणी मानेपासून पँटीपर्यंत. तसाच तो संध्याकाळपर्यंत फिरला, मला सांगितलंपण नाही.

वर मागितलं तर "बॅग दिली की" म्हणतात. दिलेली बॅग म्हणजे कार्यक्रमात वाटतात तसली सॅक, पुढं फोटो छापलेला. पहिल्या पावसात फोटो राहिला, चेन गेली.

माणशी सहा-सातशे रुपये आम्ही पदरचे घालू शकतो. काय घ्यावं?

तांबडा_पांढरा | १४ जून, रात्री १०.०५

भावा, आधी त्या पोराला विचारपूस सांग.

जेवण पोचवणारी पोरं पाठीला चौकोनी पेटी लावून हिंडतात की, तसली बघ. जुनी मिळते. आतनं चंदेरी, पाणी जात नाही, सामान उभं राहतं. नाद खुळा काम हुईल.

दोनचाकी_कळंबा | १४ जून, रात्री १०.५०

लांबच्या सायकल सहलींचा माझा अनुभव सांगतो. पाठीवर काहीही नको. तासभर ठीक वाटतं, मग पाठ भिजते, मान धरते आणि खड्डा आला की सगळं वजन खांद्यावर आपटतं. मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या बॅगा घ्या. वजन खाली जातं, सायकल स्थिर राहते. गुंडाळून बंद होणाऱ्या तोंडाच्या बॅगा पावसाला उत्तम. माझी जोडी साडेसात हजारांना पडली, पण सहा वर्षं झाली, टाका उसवलेला नाही.

गल्ली_नंबर_बारा | १४ जून, रात्री ११.१०

दादा, साडेसात हजारात माझ्या सहाजणांच्या सायकली येतील, जुन्या बाजारातनं. पण "दोन्ही बाजूंनी" हे डोक्यात बसलं.

@तांबडा_पांढरा, ती पेटी एकानं वापरून बघितली. घरात शिरताना दाराला अडकते आणि लोक म्हणतात, आम्ही काय मागवलं नाही.

कीटकवेडी | १५ जून, सकाळी ७.१५

बॅगेचा प्रश्न बाजूला ठेवून आधी एक विचारते. भरलेला पंप कशासाठी वागवता? सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, वर पंपाचे चार-पाच. वीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन तुमची मुलं मुख्यतः पाणी वाहतायत, औषध नव्हे.

हिशेब करू. तुमच्याकडे बहुधा टेमिफॉस ५० टक्के असणार, ज्याला सगळे ॲबेट म्हणतात. गटारीच्या फवारणीला १० लिटर पाण्यात २.५ मिली. म्हणजे सोळा लिटरच्या अख्ख्या पंपात औषध फक्त ४ मिली, चहाचा एक चमचासुद्धा नाही. फवारणी सरळ रेषेत मीटरला २० मिली, म्हणजे एका लिटरमध्ये ५० मीटर गटार होते. पाच लिटरचा हाताने हवा भरायचा पंप घेतलात तर एका भरण्यात २५० मीटर. राजारामपुरीतली एक गल्ली एका बाजूने त्यात निघेल, मग तिथल्याच नळावर पुन्हा भरा. रिकामा पंप दीडेक किलोचा.

साठवणीच्या पाण्यात प्रमाण लिटरला १ मिलीग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याहून जास्त नको म्हटलंय. ५० टक्के औषध हजार लिटरच्या टाकीला २ मिली पुरतं. दोनशे लिटरच्या बॅरलला ०.४ मिली. ते बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका, खुणेची सिरिंज ठेवा.

तेव्हा खरं ओझं काय उरतं? औषधाची बाटली, सिरिंज, लहान पंप, टॉर्च, पळी, पांढरी ताटली, रजिस्टर, हातमोजे, साबण, स्वतःचं पाणी आणि डबा. सहा-सात किलो. याच्यासाठी बॅग शोधा.

जुना_पंपवाला | १५ जून, सकाळी ८.३०

ताईंनी बरोबर नस पकडली. मी अठ्ठावीस वर्षं हेच काम करून निवृत्त झालो, निम्मी सायकलवर. आमच्या वेळी पंप पितळी होता, म्हणजे विचार करा.

एकच गोष्ट मुठीत धरून ठेवा. औषध आणि पोटात जाणारं काहीही एका कप्प्यात नको. एका पिशवीत तर नकोच नको. आमच्यातल्या एकानं औषध सोयीसाठी सरबताच्या बाटलीत काढून घेतलं होतं. जेवायच्या सुट्टीत दुसऱ्यानं ती उचलली. तोंडाला लावली आणि थुंकली म्हणून वाचला, तरी घाम, लाळ, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, दोन दिवस दवाखान्यात. म्हणून औषध कंपनीच्या बाटलीतच ठेवायचं, लेबलसकट, उभं. बाटली घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, डब्याच्या तळाला भुसा किंवा जुनं फडकं. गळलं तर डब्यात गळेल.

आणि @गल्ली_नंबर_बारा, त्या पोराला सांगा, अंगावर सांडलं तर लाजायचं नाही. कपडे जागेवर काढायचे, साबणानं भरपूर पाण्यात धुवायचं. ते कपडे घरच्या कपड्यांत टाकायचे नाहीत. काम थांबलं तर थांबलं.

चामडं_आणि_दोरा | १५ जून, दुपारी १.२०

कोल्हापुरात बसून प्लॅस्टिक आणि रेक्झिनच्या गप्पा? आपल्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कारागीर इथं आहेत, चामडं इथं आहे. जाड चामड्याची दोन कप्प्यांची बॅग शिवून देतो, नातवंडं वापरतील. रोज सायकलवर घासली तरी काही होत नाही. दर समजुतीनं घेऊ.

जुना_पंपवाला | १५ जून, दुपारी २.००

मालक, तुमच्या कामाला हात जोडून नमस्कार, माझ्या पायात तुमच्याच गल्लीची चप्पल आहे. पण चामडं औषध पितं. एकदा मुरलं की धुऊन निघत नाही आणि घामानं भिजलं की तेच अंगाला लागत राहतं. जाड कॅनव्हासचं तेच. वर आपल्याकडचा जुलै म्हणजे आठवडाभर सूर्य दिसत नाही, बुरशी धरेल ती वेगळीच. नातवंडांनी वापरू नये अशीच ही बॅग आहे.

चामडं_आणि_दोरा | १५ जून, दुपारी २.१५

पटलं. औषधाचा डबा सोडून बाकीचं? रजिस्टरचं पाकीट तरी?

गल्ली_नंबर_बारा | १५ जून, दुपारी २.४०

रजिस्टरला प्लॅस्टिकची पिशवीच बरी, मालक. पावसात शाई पसरली की आकडे परत लिहावे लागतात, आणि परत लिहिलेल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवत नाही. पण ओळखपत्राचं पाकीट आणि टॉर्चचं कमरेला अडकवायचं म्यान तुमच्याकडनं घेतो. सहा नग. कळवतो.

मिरजकर_तिकटी_ते_जर्मनी | १५ जून, संध्याकाळी ६.३०

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत डासांमुळं पसरणाऱ्या वेस्ट नाईल तापाच्या भीतीनं रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांच्या जाळ्यांत अळीनाशक टाकायचं काम सायकलवरच्या कुरियर पोरांना दिलं होतं. जाळ्या हजारोंनी, त्यामुळं कुठलं झालं आणि कुठलं राहिलं ते कळावं म्हणून औषध टाकल्यावर कडेच्या दगडावर रंगाचा ठिपका. तुमची खडूची तारीख तीच युक्ती. फरक एवढाच, की त्यांचं औषध कोरडं आणि त्यांना कुणाच्या घरात शिरायचं नसतं. त्यांच्यासारखी एका खांद्यावरनं छातीवर आडवी येणारी मोठी झोळी तुम्हाला कितपत चालेल, मला शंका आहे. पळीसाठी वाकलं की ती पुढं येते.

पाणंद | १६ जून, सकाळी ६.५०

मी या टीममधल्या दोन ताईंपैकी एक. साहेबांनी धागा दाखवला. एवढी सगळी मंडळी बॅगेवर बोलतायत, पण सायकल रस्त्यावर सोडून आम्ही घरात जातो तेव्हाचं कोण बोललं नाही.

दिवसात ऐंशी-नव्वद घरं असली तर सायकलवर बसणं कमी आणि उतरणं जास्त. तीन जिने चढून टेरेसवर जायचं, तेवढ्यात खाली औषध कुणाच्या भरवशावर सोडायचं? गल्लीतली पोरं बाटली उघडून बघतात. सगळं उचलून वर न्यायचं तर हात मोकळा राहत नाही, टाकीच्या शिडीवर एका हातानं चढायचं? आणि कुत्री. पिशवी हातात दिसली की भुंकतात, मोकळ्या हाताला भुंकत नाहीत, खरंच.

मला वाटतं सायकलवर राहणारं सामान वेगळं आणि घरात न्यायचं वेगळं. घरात लागतं काय? टॉर्च, सिरिंज, पळी, रजिस्टर. एवढं कमरेला बसावं.

दुसरं म्हणजे लेडीज सायकलला मधली दांडी नाही, म्हणून दांडीला अडकवायच्या वस्तू सुचवू नका. आणि पुढच्या बास्केटमध्ये औषध ठेवलं की हँडल ओढतं. टेंबलाईच्या चढाला उतरून ढकलताना तर पुढचं चाक नुसतं वळतं.

उद्यमनगरकर | १६ जून, सकाळी ९.१०

व्हय ताई, बास्केटात दोन किलोच्या वर टाकू नका, त्या पट्ट्या हँडलला नुसत्या लटकलेल्या असत्यात.

आमचं फॅब्रिकेशनचं शॉप हाय. सांगतो ते ऐका. दूधवाला बघितलाय न्हवं? कॅरियरच्या दोन्ही अंगाला किटल्या, चाळीस-पन्नास लिटर दूध घेऊन चढ चढतोय. त्याचं गुपित कॅरियरात हाय. तुमच्या सायकलचा कॅरियर दोन पातळ सळ्यांवर, तो खड्ड्यात वाकतोय. आक्सलपासनं वरपर्यंत सहा एमेमच्या सळीचा एक टेकू दोन्हीकडं मारून घ्या. आणि मोटरसायकलला साडी गार्ड असतंय तसली जाळी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी. न्हाईतर बॅगेचा बंद आऱ्यात गेला की चाक जाग्यावर थांबणार आणि माणूस पुढं.

स्टँडपण बघा. एका बाजूचा स्टँड वजनानं रुततो, पावसात तर बघायलाच नको. जुना डबल स्टँड लावा, घोडीसारखा.

सहा सायकली एकदम आणा, भंगारातली सळी वापरू, मजुरी तेवढी द्या.

कीटकवेडी | १६ जून, दुपारी १२.०५

पाणंदताईंचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. तपासणीचा वेग त्यावरच ठरतो. एडिसचं, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासाचं, अंड्यापासून डासापर्यंतचं चक्र आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत पुरं होतं, म्हणून प्रत्येक घर आठवड्यातून एकदा व्हायला हवं. जिन्यावर सामान चढवण्यात रोज वीस घरं बुडाली तर आठवड्याची फेरी नऊएक दिवसांवर जाते, आणि तोवर अळीचा डास होऊन उडून गेलेला असतो.

पिशवीत एक राठ ब्रश टाका. पाणी ओतून दिलं तरी एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी महिनोन्महिने टिकतात. पाणी भरलं की पुन्हा सुरू. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी ठेवण्याचा "कोरडा दिवस" पाळला म्हणणाऱ्या घरात तीच अळी परत सापडते ती यामुळे. घासून दाखवा, सांगू नका.

तांबडा_पांढरा | १६ जून, दुपारी १.३०

धुराचं मशीन सायकलवर नेता येईल का? आमच्या गल्लीत धूर आला की पोरं मागनं पळायची, तेवढीच आठवण.

जुना_पंपवाला | १६ जून, दुपारी १.५०

अजिबात नको. पेट्रोलची टाकी आणि तापलेली नळी कॅरियरला बांधून कुठं निघालात? आणि धूर फक्त उडणाऱ्या डासाला. बॅरलातल्या अळीला त्याचं काहीच नाही. लोकांना धूर दिसतो म्हणून तोच मागतात, अळी शोधणारा माणूस दिसत नाही.

दोनचाकी_कळंबा | १६ जून, रात्री ९.००

मग एकूण आकार असा होतो: कॅरियरवर आडवी टाकायची, दोन्हीकडे लोंबणारी दोन पोटांची बॅग, आणि कमरेला छोटी. मी याला इतकी वर्षं पॅनिअर म्हणत होतो.

जुना_पंपवाला | १६ जून, रात्री ९.२५

आमची आजी तिला पडशी म्हणायची. आजोबा बाजाराला जाताना खांद्यावर टाकायचे, निम्मी पुढं, निम्मी मागं. घोड्यावर टाकली तरी तीच. एका पोटात जोंधळं, दुसऱ्यात मीठ-मिरची, मिसळायचा प्रश्नच नाही. तुमचं एका पोटात औषध, दुसऱ्यात डबा. मधे अख्खं चाक.

गल्ली_नंबर_बारा | १६ जून, रात्री ९.४०

पडशी! ठरलं. उद्या सीट-हूड शिवणाऱ्याला गाठतो, त्याच्याकडं जाड सुईचं मशीन आहे.

वडणगे_वाट | १८ जून, सकाळी १०.००

अळ्या खाणारे गप्पी मासे नेता का? त्याची सोय या पडशीत कशी करणार?

गल्ली_नंबर_बारा | १८ जून, रात्री ८.३०

नेतो, विहिरी आणि कारंज्याच्या हौदात सोडायला, महिन्यातनं दोन-तीनदा. नदीत किंवा रंकाळ्यात सोडत नाही. त्यासाठी जुनी दुधाची किटली घेतली आहे, रुंद तोंडाची. निम्मीच भरायची, वर हवा राहिली पाहिजे. वर ओलं फडकं. सकाळी लवकर निघायचं, उन्हात उभी करायची नाही. सोडताना किटली आधी हौदाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून धरायची. किटलीवर लाल रंगानं मोठा मासा काढलाय, परत कुणी तिच्यात दूध आणायला नको. तरी शेजारच्या काकूंनी विचारलंच, "दूध घालतोस होय रे?"

गल्ली_नंबर_बारा | १३ जुलै, रात्री १०.१५

उशीर झाला, पण हिशेब द्यायचा होता.

पहिली पडशी माझ्यासाठीच शिवली. टेंपोच्या हूडचं जाड रेक्झिन, कडेनं नवारीची पट्टी. शिलाईसकट चारशे ऐंशी. डाव्या पोटात झाकणाचा डबा घट्ट बसेल असं माप, त्यात औषध, सिरिंज, हातमोजे. डब्याला छोटं कुलूप. उजव्या पोटात पाणी, डबा, साबण, रेनकोट. पाच लिटरचा पंप वर कॅरियरवर आडवा, रिकामा, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला. खडू, टॉर्च, पळी, ब्रश, रजिस्टर कमरेच्या पिशवीत. टॉर्चचं म्यान चामड्याचं, मालकांनी झकास करून दिलं.

आता गंडलेलं सांगतो. पहिल्याच दिवशी टाच बॅगेला लागायला लागली. पॅडल मागं आलं की धप, पॅडल मागं आलं की धप. @दोनचाकी_कळंबा यांना फोटो पाठवला, तर म्हणाले चार बोटं मागं सरकवा. कॅरियर तेवढा लांब नव्हता. उद्यमनगरात त्यांनी मागं एक पट्टी जोडून दिली आणि बॅगेचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापून घेतला. दुसरं, दोन्ही पोटांना खाली भोक ठेवलं नव्हतं. एका मुसळधार सकाळी उजवीकडं डबा अक्षरशः तरंगत होता. तिथं आयलेट मारून घेतली. औषधाच्या बाजूला मुद्दाम मारली नाही, गळलं तर रस्त्यावर सांडायला नको.

तिसरं म्हणजे वजनाचा तोल. डावीकडं जड झालं की सायकल स्टँडवर झुकते. आता घरनं निघताना पाण्याची बाटली पूर्ण भरून घेतो, दुपारपर्यंत ती रिकामी होते तेव्हा डबापण संपलेला असतो आणि परत डावीकडं झुकते. त्यावर उपाय सापडला नाही. एक पोरगं वीट ठेवतंय.

पडलेलं पोरगं बरं आहे. पंप पाठीवरनं उतरल्यापासनं त्याची रोजची दहा-बारा घरं वाढलीत, आणि तो म्हणतो पाठ आता रात्री बोलत नाही.

पाणंद | १४ जुलै, सकाळी ६.४०

माझी अजून शिवून यायची आहे. साहेब, कमरेच्या पिशवीचा पट्टा माझ्यासाठी लांब ठेवा, ड्रेसवरनं रेनकोट आणि त्याच्यावरनं बांधायचा असतो. आणि रजिस्टर मावेल एवढी उंच नको, वाकताना टोचतं. रजिस्टर दुमडून बसेल असं करा.

मावळतीकडं | १४ जुलै, दुपारी ३.००

इचलकरंजीत आमचीपण आठ माणसं आहेत. मापं द्याल का?

गल्ली_नंबर_बारा | १४ जुलै, रात्री ९.२०

एक पोट ३० सेंटीमीटर रुंद, ३५ उंच, १५ खोल. पुढचा खालचा कोपरा आठ सेंटीमीटर तिरका. दोन पोटांमधली पट्टी तुमच्या कॅरियरच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त, नाहीतर वर उचलली जाते. झाकण पुढून मागं पडणारं, बक्कल दोन, चेन नको, मातीनं अडकते. बाहेरनं पिवळी किंवा चकचकीत पट्टी लावून घ्या, पावसात संध्याकाळी मागनं येणाऱ्याला दिसायला.

मावळतीकडं | १४ जुलै, रात्री ९.३०

आभार. तुमच्याच शिलाईवाल्याकडं टाकू का, गणपतीच्या आधी मिळतील?

गल्ली_नंबर_बारा | १४ जुलै, रात्री ९.४५

आमच्याच तीन अडकल्यात त्याच्याकडं. आत्तापासनं मांडवांच्या ताडपत्र्या शिवायला घेतल्यात, म्हणतो दसऱ्यानंतर या. तुम्ही इचलकरंजीतच बघा, तिकडं मशीनला काय तोटा.